मुंबईतला पहिला उन्हाळा आणि कडेवरचं पोर

आम्ही नागपूरहून मुंबईत आलो ते मार्चअखेर. सामानाच्या ट्रकमध्ये जागा अडवून बसला होता आमचा कूलर. लेक तेव्हा तीन वर्षांची. आम्ही पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसं, इथला पारा चौतीसवर बघून नवरा म्हणाला, "हा काय उन्हाळा झाला?" चार दिवसांत लेकीची मान, पाठ, कोपरांचे सांधे घामोळ्यांनी लाल झाले. कूलर लावला तर अंथरुणं दमट लागायला लागली. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं, त्यात पाणी कशाला ओततेस? इथे हवेतच बादलीभर आहे." कूलर महिन्याभरात विकला.

बदलीवर किंवा नवी नोकरी धरून पहिल्यांदाच मुंबईत आलेल्या आणि घरात दोन ते सहा वर्षांचं पोर असलेल्या आईबापांसाठी हे लिहितेय. मोठ्या मुलांचं वेगळं असतं, त्यांना मे महिन्यात भर दुपारी क्रिकेट खेळण्यापासून ब्रह्मदेवही थांबवू शकत नाही.

पायरी १ : इथलं ऊन ओळखा

विदर्भातलं ऊन कोरडं. घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यामुळे अंग गार राहतं. मुंबईत हवा आधीच बाष्पाने भरलेली, म्हणून घाम वाळतच नाही. तो नुसता वाहतो आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. म्हणून आकडा कमी दिसला तरी मूल लवकर दमतं, किरकिरं होतं, जेवत नाही. कूलर इथे निरुपयोगी ठरतो तोही याच कारणाने. तो चालतो पाणी वाळण्यावर, आणि इथे पाणी वाळायला तयार नसतं. पंखा आणि समोरासमोरच्या उघड्या खिडक्या हेच खरं औषध.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी जमिनीवरून येणारा वारा असतो, मग जमीन तापली की समुद्रावरून वारा सुरू होतो आणि शहराला जरा श्वास मिळतो. ज्या दिवशी हा खारा वारा यायला उशीर होतो, त्या दिवशी पारा भलताच चढतो. पेपरात कुलाबा आणि सांताक्रूझ असे दोन आकडे येतात, त्यांतला सांताक्रूझचा बहुतेक वेळा जास्त असतो, कारण कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी. तुम्ही उपनगरात राहत असाल तर कुलाब्याचा आकडा बघून खूश होऊ नका.

पायरी २ : दिवसाचे दोन दिवस करा

बाकी सगळं विसरलात तरी हे धरून ठेवा. सकाळी साडेसहा ते साडेनऊ हा एक दिवस. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ हा दुसरा. मधल्या वेळात मूल घरात, नाहीतर एखाद्या गार इमारतीत. मेअखेर सूर्य मावळतो सातनंतर, त्यामुळे संध्याकाळ चांगली लांबलचक मिळते.

आणि एका वेळी एकच ठिकाण. आम्ही पहिल्या रविवारी सकाळी एक बाग, मग जेवण, मग एक संग्रहालय, मग चौपाटी असा बेत केला होता. दीड वाजता लेक टॅक्सीत झोपली ती थेट घरी उठली. आम्ही दोघं तिला आळीपाळीने खांद्यावर टाकून मुंबई बघत होतो म्हणा.

पायरी ३ : पिशवी

पाण्याची स्टीलची बाटली, सुती टोपी, एक जादा कपड्यांचा जोड, दोन नॅपकिन, ओआरएसची एक पुडी, केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. यात मी नागपूरचा पंचा घालते. ओला करून मानेभोवती टाकला की निदान पंख्याखाली किंवा वाऱ्यावर पोराला बरं वाटतं. सासूबाई दर फोनला विचारतात, खिशात कांदा ठेवला का? ठेवते. वासापलीकडे काही होत नाही, पण त्यांना बरं वाटतं.

कपडे सुती, सैल, बिनबाह्यांचे. घामोळ्यांवर पावडरीचा थर देऊ नका. घामाबरोबर तिचा लगदा होतो आणि त्वचेची छिद्रं आणखी बुजतात. दिवसातून दोनदा साध्या पाण्याची आंघोळ आणि टिपून कोरडं अंग, एवढ्यावर आमच्या लेकीची घामोळी आठवड्यात बसली.

पायरी ४ : सकाळची ठिकाणं

सुरुवात घराजवळच्या बागेपासूनच करा. महापालिकेच्या बागा भल्या पहाटे उघडतात, आणि सात वाजता झोपाळ्याला रांग नसते. घसरगुंडी पत्र्याची असेल तर आधी हाताच्या मागच्या बाजूने शिवून बघा. नऊनंतर ती तव्यासारखी तापते आणि मूल चड्डीवर असतं.

एप्रिल-मेमध्ये या शहराची झाडं बघण्यासारखी असतात, आणि त्याला तिकीट नाही. बहावा पिवळा लटकतो. ताम्हण जांभळं होतं. ते महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि फुलतं बरोब्बर महाराष्ट्र दिनाच्या आसपास. गुलमोहर तर गल्लोगल्ली. लेकीला मी गुलमोहराचे दोन खेळ शिकवलेत. मिटलेल्या कळीची जाड हिरवी आवरणं सोलून नखांवर चिकटवायची, की चेटकिणीची नखं तयार. दुसरा खेळ झुंजीचा. दोघांनी फुलातला एकेक केसर घ्यायचा, टोकाच्या बोंड्या एकमेकींत अडकवायच्या आणि ओढायचं. ज्याची बोंडी तुटली तो हरला. या एका खेळावर आमचा बसस्टॉपवरचा अर्धा तास निघतो. पाच पाकळ्यांतली एक पांढरट, ठिपक्याठिपक्यांची असते, ती आंबट लागते. आम्ही लहानपणी खायचो. रस्त्याकडेच्या झाडाची मात्र लेकीला देत नाही.

राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पहिल्या महिन्यात एकदा होणारच. ती सकाळी साडेनऊला उघडते, तेव्हा दारं उघडायच्या आधी पोचा आणि साडेअकराला बाहेर पडा. बुधवारी बंद, बुधवारी सरकारी सुट्टी आली तर उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. मी हे दारापर्यंत जाऊन शिकले, कडेवर पोर घेऊन. थेट पेंग्विनकडे चला, गर्दी व्हायच्या आत. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळ पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. इथले पहिले २०१६ साली दक्षिण कोरियातून आले, आणि त्यांच्या काचेमागे सोळा-अठरा अंशांची थंडी ठेवलेली असते. लेकीने काचेला नाक लावून विचारलं होतं, "यांच्याकडे कूलर आहे का?" मग उरलेला वेळ जुन्या झाडांच्या सावलीत काढा. ही बाग आधी वनस्पतींची, प्राणी नंतर आले, म्हणून इथली सावली दाट आहे. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती उभा आहे, तो मुलांना जरूर दाखवा. घारापुरी बेटावर होता तो हाच. बेटाचं एलिफंटा हे नाव याच्यावरून पडलं.

माहीम-धारावीच्या सीमेवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान माझ्या मते या शहरातलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं ठिकाण आहे. एके काळी तिथे कचऱ्याचे ढीग होते. त्यावर झाडं लावून मिठी नदीच्या काठी रान उभं केलं. फुलपाखरं, वाळवीची वारुळं, सुकलेल्या शेंगा. तीन वर्षांच्या पोराला यापेक्षा जास्त लागत नाही.

मलबार हिलवर २०२५ च्या मार्चमध्ये लाकडी उन्नत मार्ग झाला आहे, झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा, ४८५ मीटर लांब. पहाटे पाचला उघडतो, वेळ आधी ऑनलाइन ठरवून यावं लागतं. पहिल्या फेरीची वेळ घ्या. तिथून कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं घर, जवळच आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान मोठं आणि सुंदर, पण मेमध्ये लहान पोराला घेऊन कान्हेरी लेण्यांची चढण चढू नका. ते पावसाळा ओसरल्यावर. सोमवारी तेही बंद असतं.

पायरी ५ : दुपार

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सुट्टीत गर्दी असते, तरी दुपार काढायला उत्तम. १९८५ पासूनचं आहे. बाहेरच्या मोकळ्या उद्यानात लोखंडी खेळणी आहेत, तिकडे दुपारी फिरकूच नका. आतले आरसे, आवाज आणि प्रकाशाचे खेळ पुरेत. तुमचं पोर एकाच वाकड्या आरशापुढे वीस मिनिटं उभं राहील. राहू द्या. सगळी दालनं बघून होण्याचा हट्ट तुमचा असतो, त्याचा नसतो.

फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे. आणि मराठी घरातल्या पोराला या शहरात जे खास मिळतं ते म्हणजे बालनाट्य. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये इथे मुलांसाठी लिटिल थिएटर सुरू केलं, तेव्हापासून उन्हाळी सुट्टी आणि बालनाट्य हे समीकरण आहे. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन, यांच्या जाहिराती रविवारच्या पेपरात बघा. कडेची खुर्ची मागा. दिवे गेले आणि राक्षस आला की अडीच वर्षांचं पोर हमखास भोकाड पसरतं, तेव्हा कोणाच्या गुडघ्यांना न ठेचकाळता बाहेर पडता आलं पाहिजे.

रोज रोज कुठे जाणार? बऱ्याच दुपारी घरातच जातात. न्हाणीघरात टब, त्यात चमचे, गाळणी, वाट्या, तास निघतो. ते पाणी फेकू नका, फरशीला आणि कुंड्यांना वापरा. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं आणि काही वर्षी मे-जूनमध्ये कपात लागते. वाटीत फुलं, बटणं, प्लॅस्टिकचा हत्ती घालून रात्री बर्फ करून ठेवला की दुसऱ्या दिवशी हत्ती सोडवायचं काम मिळतं. बटणं मात्र तोंडात जात नाहीत ना, ते बघत बसा.

एक दुपार राखून ठेवा, १५-१६ मेची. मुंबईत त्या दिवशी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. आम्ही गच्चीत स्टीलचा डबा उभा ठेवला. लेक सावली शोधत त्याच्याभोवती फिरली, मग डबा उचलून खाली बघितलं. पाच मिनिटं गच्चीत, डोक्यावर टोपी, आणि परत पंख्याखाली. नागपुरात हाच प्रकार २६ मेच्या आसपास, बारा वाजून दहाच्या सुमारास होतो. तेव्हा आजोबांनी व्हिडिओ कॉलवर त्यांची काठी अंगणात उभी करून दाखवली. पुणेकर असाल तर १३-१४ मे.

पायरी ६ : संध्याकाळ आणि समुद्र

समुद्रावर जायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघायची, हे आम्हा घाटापलीकडच्या लोकांना कुणी शिकवलेलं नसतं. दिवसात साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. म्हणजे आज सहाला ओहोटी मिळाली तर आठवड्याने सहाला भरती असेल. ओहोटीला गिरगाव किंवा जुहूला ओली, घट्ट वाळू मिळते. किल्ले, खड्डे, खेकड्यांची बिळं, सगळं तिच्यावर. भरतीला नरिमन पॉइंट ते गिरगाव कट्ट्यावर बसा आणि लाटा मोजा. मुलाला कट्ट्यावर उभं करू नका, आणि कट्ट्यापलीकडच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर तर कधीच नाही.

पाण्यात पावलं बुडतील एवढंच, आणि त्याचा हात तुमच्या हातात. मालाडची अक्सा चौपाटी दिसायला शांत, पण पाण्याच्या ओढीची आणि धसणाऱ्या वाळूची. दर वर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात, तिथे पाण्यात उतरूच नका. पावसाच्या तोंडावर निळ्या फुग्यासारखे दिसणारे ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव किनाऱ्याला लागतात. मुलं ते फुगा समजून उचलायला जातात. डंख जबर असतो, मेलेल्यांचाही. घरी आल्यावर पाय, बोटांच्या बेचक्या गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर वाळू आणि मीठ रात्रभर खाजवतं.

समुद्र लांब पडत असेल तर शिवाजी पार्कचा कट्टा. एक फेरी पोराच्या पायाने, उरलेली तुमच्या कडेवर.

पायरी ७ : प्रवासालाच सहल म्हणा

लहान मुलाला राणीच्या बागेइतकीच बेस्टची दुमजली बस आवडते. जुन्या लाल दुमजली गेल्या, आता विजेवरच्या वातानुकूलित आहेत. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाला जाणारी ११५ नंबरची पकडा, वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेपाशी बसा, शेवटपर्यंत जा आणि त्याच बसने परत या. कमीत कमी भाडं १२ रुपये. माझ्या हिशेबात ही मुंबईतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गार सहल आहे.

मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू झाली. विज्ञान केंद्रासाठी त्याच नावाचं स्थानक आहे, फोर्टातल्या संग्रहालयासाठी हुतात्मा चौकाला उतरा. खिडकीतून फक्त काळोख दिसतो. उंचावरून शहर दाखवायचं तर अंधेरी-दहिसरच्या २अ किंवा ७ ला बसा.

लोकलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. गर्दीच्या वेळा टाळा एवढं सांगून उपयोग नाही, दिशाही बघा. सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडे वाहते, संध्याकाळी उत्तरेकडे. तुम्ही उलट्या दिशेने जाणार असाल तर जागा मिळू शकते. रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, कुठल्या मार्गावर आहे ते बघा. एकदा न बघता निघालो आणि फलाटावरच डबा उघडून सहल साजरी केली.

वर्सोव्याहून मढला जाणारी फेरीबोट काही मिनिटांचीच, पण पोराच्या दृष्टीने ती जलपर्यटन आहे. गेटवेहून घारापुरी तासाभराचं, वर पायऱ्यांची चढण आणि ऊन. ते थंडीसाठी ठेवा. कुठल्याही बोटीत मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्या. लाजू नका.

पायरी ८ : खाणंपिणं

मे महिन्यात मुंबईचा रस्ता हाच फळांचा बाजार. ताडगोळे घेताना बोट दाबून बघा. मऊ, आत पाणी डुलणारे घ्या, टणक झालेले राहू द्या. वरची पातळ साल तुरट असते, ती काढून द्या. करवंदं, जांभळं, जाम आदिवासी बायका टोपलीतून आणतात, पानाच्या द्रोणात. जांभळं खाऊन जीभ जांभळी झाली की ती आरशात बघणं हा वेगळा कार्यक्रम. लहानाला बी काढून द्या.

हापूस सुरुवातीला महाग, मे मध्याला भाव उतरतो. सगळ्या पेट्यांवर देवगड लिहिलेलं असतं म्हणून सगळे आंबे देवगडचे नसतात; देठापाशी नाक लावा, वास आला नाही तर पुढे चला. खायच्या आधी तासभर पाण्यात. पोराचे सगळे कपडे काढून, जमिनीवर पेपर पसरून, आख्खा आंबा हातात द्या. मग थेट न्हाणीघरात.

पन्हं, कोकम सरबत, ताक, शहाळं घरचं-बाहेरचं चालतं. नीरा सकाळीच प्या. दिवस चढला की ती आंबायला लागते. उसाचा रस बिनबर्फाचा मागा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे, तेव्हा ग्लासात निळसर दिसलं तर उठा. आणि गोळा? काकूंचा सल्ला मला पटला: किसणी आणि काला खट्टाचं सरबत घरी आणा, बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचा लावा. चौपाटीवरची मजा येत नाही हे खरं, पण पोर तक्रार करत नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळा म्हणून वरचं पाणी देऊ नका. आईचं दूधच, जास्त वेळा.

पायरी ९ : ऊन लागलंच तर

मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू झाली नाही, तर ओआरएस सुरू करा, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, घोट घोट. डब्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अंग भाजतंय, मूल बरळतंय, झोपेतून उठत नाही, उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही दिसलं तर ओल्या कपड्याने अंग पुसत, वारा घालत थेट रुग्णालयात, रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि उभ्या गाडीत मुलाला "दोन मिनिटं" सुद्धा ठेवायचं नाही, काच खाली करूनही नाही.

पायरी १० : शिबिरांबद्दल

एप्रिल लागला की सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींचा पूर येतो. चार वर्षांच्या पोराला रोबो बनवायला शिकवणारंही एक बघितलंय. सहा वर्षांखाली माझं मत: शिबिर नको, शेजार पुरे. मजल्यावरची तीन-चार पोरं गोळा करा आणि दुपार वाटून घ्या. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी काकूंकडे. आमच्या मजल्यावर हे चार वर्षं चाललंय. पोहणं शिकवायचं असेल तर महापालिकेच्या तलावांवर सुट्टीत प्रशिक्षणाच्या तुकड्या असतात, वयाची अट बघून नाव लवकर घाला.

शेवटचं काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात उरकायचं, ते रेनकोटचं. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात त्या सवयीने राहू नका. इथल्या जूनच्या मध्याला उघडतात, आणि पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो. पहिली सर पडली की लहान मापं दुकानातून गायब. एक माप मोठा घ्या, दप्तर आत मावलं पाहिजे.